ऐनाच्या बनात हसायचं नाही

"सारे मेले, वयनी," इसन भाऊजी अंगणात टेकत म्हणाले, आणि यंदा कोसा चांगला आला आहे हे मी ओळखलं.

"काहीच उरले नाही?" मी विचारलं.

"कायचे उरतेत! मुंग्यांनी नेले, पाखरांनी नेले. जे हायेत ते वाळल्या शेंगेवानी. मी तं म्हन्तो, पुढच्या साली कोसा सोडावा आन् शेळ्या राखाव्या."

माझी सासू ओसरीत लाखोरीची डाळ निवडत बसली होती. तिनं वर न बघताच विचारलं, "आन् माह्या डोमाचे?"

"त्याचे तं माझ्याहून आधी मेले, काकू."

"बरं झालं," सासू म्हणाली, आणि समाधानानं सूप पाखडू लागली.

पळसटोल्यात कोसा पाळणारी दहाबारा घरं होती, सगळी आमच्या धिवरांची. पावसाळ्यात तळ्यातले मासे, आणि पाऊस सरता सरता जंगलातला कोसा. कोशाच्या अळ्या ऐनाच्या झाडांवर सोडायच्या, त्या पानं खाऊन मोठ्या होतात आणि शेवटी अंगाभोवती रेशमाचं घर बांधतात. तोच कोसा. अळी अंड्यातून निघाल्यापासून कोसा झाडावरून उतरेपर्यंत राखणदार बाप्या जंगलातच राहतो. या दिवसांत कोणी अळ्यांबद्दल एक चांगला शब्द बोलायचा नाही, ही आमची रीत. पीक जितकं चांगलं, तितकं रडून सांगायचं. नवी नवरी होते तेव्हा पहिल्या साली "सारे मेले" ऐकून मी चुलीपाशी बसून खरोखरच रडले होते. सासूनं मला आत ओढलं आणि म्हणाली, "रडतेस काहून, येडे? चांगलं हाये हे." मी डोळे पुसून हसले तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "हासूबी नोको."

इसन भाऊजी माझ्या मालकांचे चुलतभाऊ. दोघांची बनं नाल्यापलीकडे लागून होती, आणि निरोपापुरते भाऊजीच घटकाभर अंगणापर्यंत येत. भाऊजींना मनातलं लपवायला जमत नसे. तोंड पाडून बोलत, पण मिशा हलत. त्या दिवशी मात्र पाणी पिऊन झाल्यावरही ते उठले नाहीत.

"डोमाचं बरं नाही," ते म्हणाले.

मी हसू दाबलं. "तेबी मेले काय?"

"तसं नाही वयनी. खरंच बरं नाही. हिवताप हाये. रातीपासून घोंगडीत पडला हाये, हात-पाय थरथर कापतेत. गुलेल धरता येत नाही. मी दोन्ही बनं कशी राखू?"

सासूचं सूप थांबलं.

बाईमाणसानं बनात जायचं नसे. मी रोज नाल्याच्या अलीकडच्या दगडावर भाताचं गाडगं ठेवून येई. भात, बिनहळदीचं लाखोरीचं वरण, मीठ. हळद नाही, तेल नाही, मासळी तर नाहीच. मालक पलीकडच्या काठावर येऊन उभे राहत. मी म्हणायची, "जेवून घ्या." ते म्हणायचे, "हाव." महिनाभर एवढंच बोलणं. खरं सांगायचं तर घरी असले तरी फार निराळं नसे. आमची पोर जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्यांनी तिचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

तिचं नाव कचरी. नजर लागू नये, देवानंही ओवाळून टाकलेली म्हणून सोडून द्यावी, यासाठी सासूनं ठेवलेलं. तीन वर्षांची होऊन तापानं गेली. ती गेल्यावर मालकांनी तिचं झबलं, तिची लाकडी गाडी, सगळं कुठंतरी नेऊन पुरलं. मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. मला रडायचं होतं, पण त्याहून जास्त मला तिच्याबद्दल बोलायचं होतं. ती कशी होती ते. ज्याच्याशी बोलावं असा माणूस जगात एकच होता, आणि तो तिच्या नावाच्या आसपाससुद्धा येत नव्हता. त्यानं एकदा, नुसतं एकदा, "आपली कचरी" म्हणावं, एवढंच मी मागत होते. कोणाकडे मागत होते कोण जाणे.

"तूच जा," सासू मला म्हणाली. "नाल्यात डोक्यावरून न्हाऊन मंग जा. केसाले फणी लावू नोको. आन् सायत्रे—"

"काय मामी?"

"तोंड कोरं ठेव."

तिचं चुकत नव्हतं, तिच्या बाजूनं. मालक दहा वर्षांचे असताना बापाबरोबर बनात गेले होते. कोसा उतरायला आला होता. झाडावर लटकलेले कोसे पाहून पोरगं टाळ्या पिटत ओरडलं, "बाबा, पाहा, झाडाले सोन्याची फळं लागली!" दुसऱ्या दिवशी बापाला त्याच झाडाखाली पान लागलं. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत. सासूनं ही गोष्ट मला एकदाच सांगितली. पोराला किती वेळा सांगितली असेल ते तिलाच ठाऊक.

मी न्हाले आणि ओल्या लुगड्यानं बनात पाय ठेवला.

मालक पानांच्या खोपीत पडले होते. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मला पाहून उठायला गेले.

"तू काहून आलीस?"

"मामींनी धाडलं. झोपून राहा."

"न्हाली होतीस?"

"हाव."

"तेल?"

"नाही लावलं. हळदबी नाही. काही नाही. आता पेज प्या."

पेज पिताना ते माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून झाडांकडे पाहत होते. "गुलेल तिथं हाये. कोतवाल पाखरू आलं का मार. पिवळी गांधीलमाशी दिसली का फांदी हालवू नोको, राख टाक. मुंग्यांकडे ध्यान ठेव. खालून चढतेत."

"ठेवते."

"आन् बोलू नोको."

"आता कोनाशी बोलू? झाडाशी?"

"झाडाशीबी नोको."

मी गुलेल घेऊन बाहेर आले आणि वर पाहिलं.

लग्नाला सात वर्षं झाली होती. कोसा पाळणाऱ्याच्या घरात राहत होते. पण झाडावरची अळी मी तोवर पाहिली नव्हती. घरी यायचा तो टोपल्यातला कोसा, उकडायचा, विकायचा. आता माझ्या डोक्यावर अख्खं झाड जिवंत होतं. बोटाएवढ्या जाड, कोवळ्या धानासारख्या हिरव्या अळ्या फांद्यांना उलट्या धरून पानं खात होत्या. प्रत्येकीच्या कुशीला चांदीचे ठिपके. ऊन पानांतून उतरलं की ठिपके चमकत, पान हललं की विझत, पुन्हा चमकत. आणि आवाज. मला वाटलं पाऊस आला. हात पुढं केला तर हात कोरडा. तो खाण्याचा आवाज होता. हजारो तोंडं एकाच वेळी पान कुरतडत होती, आणि बारीक पाऊस लागल्यासारखं सगळं बन वाजत होतं.

मी तोंड कोरं ठेवलं. पण डोळ्यांना कसं कोरं ठेवतात ते मला कोणी शिकवलं नव्हतं. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं, आणि आमच्या घरी कधी कोणाचा फोटो निघाला नव्हता. जे ठेवायचं ते बघूनच ठेवावं लागे. मी बघत राहिले. पाखरं हाकलली, राख टाकली, मुंग्या झटकल्या, आणि मधल्या वेळात बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा ताप जरा उतरला. खोपीच्या दारात पाठ टेकवून बसले. एका झाडाची पानं संपली होती, म्हणून त्यांनी सांगितलं तसं अळ्यांसकट डहाळ्या कापून मी भरल्या झाडावर ठेवत होते. एक अळी डहाळीवरून माझ्या हातावर आली. मनगटापासून कोपरापर्यंत चालत गेली. तिचे पाय म्हणजे बारीक चिमटे. एक धरते, एक सोडते. मध्येच थांबून डोकं वर करून इकडंतिकडं बघायची, वाट चुकलेल्या म्हातारीसारखी. मला गुदगुल्या झाल्या आणि मी हसले. मोठ्यानं हसले. दोन वर्षांत तो आवाज माझ्या तोंडून निघाला नव्हता, म्हणून मलाच तो दुसऱ्या कोणाचा वाटला.

"कोन हासलं?" मालक उभे राहिले होते.

"मीच."

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. धडपडत आले, माझ्या हातावरची अळी उचलून पानावर ठेवली. मग वाकून झाडाच्या बुंध्याला हात लावला, माती कपाळाला लावली, माझ्याही कपाळाला लावली. त्यांचा हात अजून गरम होता.

"चुकली म्हन."

"कोनाले म्हनू?"

"म्हन ना, सायत्रे!"

"चुकली," मी झाडाला म्हटलं.

पलीकडच्या बनातून इसन भाऊजींनी आरोळी दिली, "डोमा! काय झालं गा?"

"काही नाही! पाखरू होतं!" मालक ओरडले.

त्या संध्याकाळी ते रागावले नव्हते. राग मला चालला असता. ते घाबरले होते. अंगावर घोंगडी घेऊन बसलेला तो बाप्या मला एकदम टाळ्या पिटल्यानंतरचा दहा वर्षांचा पोरगा दिसला. मी जवळ जाऊन बसले.

"एक सांगू?"

"हं."

"उद्या उजाडलं का एकदा वर पाहा."

"पाहूनच तं राह्यलो महिनाभर. दुसरं काय करतो मी इथं?"

"तसं नाही."

"मंग कसं?"

मला सांगता येईना. सकाळी मी त्यांचा हात धरून मोठ्या ऐनाखाली नेलं. ऊन नुकतंच शेंड्याला लागलं होतं. चांदीचे ठिपके वरून खाली पेटत येत होते. "पाहा," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. बराच वेळ पाहिलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, श्वास धरून. त्यांचे ओठ हलले.

"तिकडच्या फांदीले मुंग्या लागल्या," ते म्हणाले, आणि राख आणायला गेले.

मी तिथंच उभी राहिले. मुंग्या खरंच होत्या.

त्याच दुपारी आभाळ भरून आलं. हस्त संपता संपता पाऊस येतो, त्यात नवल नाही, पण तो येऊन निघून जातो. हा पडला, थांबला, उकडलं, पुन्हा पडला. झाडं निथळत होती आणि हवा भाताच्या वाफेसारखी अंगाला चिकटत होती. मालक ताप विसरून झाडाझाडाखाली फिरू लागले. मी मागे. दोघांनी फांद्या हलवून पाणी झाडलं, सुकी राख फेकली. पाऊस वाढला तसा मला पहिल्यांदा तो आवाज कमी वाटला. मला वाटलं, पावसामुळे ऐकू येत नसेल. पाऊस थांबला तरी आवाज कमीच.

सकाळी अळ्या उलट्या लटकलेल्या होत्या. मागच्या पायांनी फांदी धरलेली, डोकं खाली, अंग लुळं. हिरवा रंग काळवंडला होता. बोट लावलं की कातडी फुटून काळं पाणी गळायचं. एका झाडावर चार, दुसऱ्यावर दहा. दुपारपर्यंत मोजण्यात अर्थ राहिला नाही. कोसा बांधायला चार-सहा दिवस उरले होते. खाण्याचा आवाज पुरता बंद झाला तेव्हा कळलं की हे तीन दिवस मी त्यातच राहत होते. बन मुकं झालं.

आम्ही खड्डा खणला. मेलेल्या अळ्या टोपल्यात गोळा करून त्यात ओतत होतो. मी टोपलं उचललं की मला मालकांची पाठ दिसे आणि मी वाट पाही. आता वळतील. आता म्हणतील. मला ठाऊक होतं काय म्हणतील, आणि घरी सासू काय म्हणेल, आणि टोल्यातल्या साऱ्या बाया पाणवठ्यावर काय म्हणतील. सायत्रा बनात हासली. एवढ्यात सगळं आलं. पोर गेली तेव्हाही कोणी कोणी म्हणालं होतंच, आई फार खेळवायची तिला.

इसन भाऊजी त्यांच्या बनातून आले. त्यांच्या बनातही तेच झालं होतं, हे त्यांच्या चालण्यावरून कळलं. त्यांनी वर पाहिलं, खड्ड्यात पाहिलं. डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला. खोटं रडायची इतकी सवय, आणि खरं रडायला शब्दच राहिला नव्हता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मालकांकडे.

"डोमा," ते हळू म्हणाले, "परवा ते पाखरू होतं काय?"

मालक फावड्यावर रेलून उभे होते.

"इचारतो आपला. कोनी हासल्यावानी वाटलं होतं मले."

मी टोपलं खाली ठेवलं. आता सांगायचं, असं ठरवून मी तोंड उघडलं.

"मी हासलो," मालक म्हणाले.

"तू?"

"हाव. मी."

इसन भाऊजी त्यांच्याकडे पाहतच राहिले. "लेका, तू जल्मात कधी हासला नाहीस. तुह्या लग्नात मी तुले गुदगुल्या केल्या होत्या तं तू मले मारलं होतंस."

"मंग आता हासलो. ताप होता. तापात हासलो." त्यांनी फावडं उचललं. "घरी सांगजो. डोमा हासला म्हनून."

भाऊजींनी मग दुपट्टा डोक्याला गुंडाळला. "कोनाले सांगत नाही," ते म्हणाले. "हासल्यानं मरते तं माझे काहून मेले? मी तं महिनाभर रडूनच राह्यलो." आणि गेले.

आम्ही दोघं राहिलो. खड्डा अर्धा भरला होता. मालक त्याच्या काठावर बसले, पाय आत सोडून. मी लांब बसले.

"काहून खोटं बोलले?" मी विचारलं.

मालक मातीचं ढेकूळ हातात फोडत राहिले. मग म्हणाले, "तू काहून हासली होतीस?"

आली ती वेळ, मला वाटलं. "अळी हातावर चढली. गुदगुल्या झाल्या."

"कशा?"

"कशा म्हंजे?"

"कशी चालत होती ती?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. ते विचारत होते. ज्यानं पंचवीस वर्षं अळ्या पाळल्या तो मला विचारत होता की अळी कशी चालते.

मी सांगितलं. चिमट्यासारखे पाय सांगितले, वाट चुकलेली म्हातारी सांगितली. ते ऐकत होते. मी थांबले तर म्हणाले, "आनखी? काल सकाळी मले वर पाहा म्हनत होतीस. काय होतं तिथं?"

मग मी सगळंच सांगितलं. शेंड्यापासून खाली उतरणारं ऊन. चांदीचे ठिपके. कोरड्या हातावरचा पाऊस. माझं बोलणं मला थांबवता येईना. त्या मुक्या, वास मारणाऱ्या बनात बसून मी त्या बनाचंच कौतुक करत होते, जे महिनाभर कोणी केलं नव्हतं. ते वर पाहत होते. वर आता काळ्या लोंब्यांशिवाय काही नव्हतं.

"म्या मुंग्या पाह्यल्या," ते म्हणाले. "साऱ्या मोसमात म्या मुंग्याच पाह्यल्या, सायत्रे. एक दिवस हासलो नाही. चांगलं म्हनलो नाही. मनातसुद्धा म्हनलो नाही. तरी मेले."

"पाऊस वाईट पडला."

"हाव. पाऊस वाईट पडला." मग ते खड्ड्याकडे पाहत म्हणाले, "ती होती तवाबी म्या हासलो नाही."

मी हललेसुद्धा नाही. पाखरू उडून जाईल अशी भीती वाटते, तसं झालं.

"रोज घरी आलो का तिच्या कपाळाले हात लावो. ताप तं नाही? पायाले काटा तं नाही लागला? मंग बस. मांडीवर घेतली नाही. जीव लावला तं नेतेत, असं वाटे. लावला नाही तं नेनार नाहीत." त्यांनी हात चेहऱ्यावरून फिरवला. हाताला माती होती, ती चेहऱ्याला लागली. "आता मले तिचं तोंड येत नाही. डोळे मिटतो तं कपाळ येते. नुसतं कपाळ. इतकंच पाह्यलं ना म्या. खालचं काही येतच नाही."

मी सरकत सरकत त्यांच्याजवळ गेले.

"तुले येते?"

"हाव."

"सारी?"

"सारी."

"मंग सांग," ते म्हणाले. "आपली कचरी कशी होती ते सांग मले."

मी सांगायला लागले. कुठून सुरुवात केली ते आठवत नाही. तिचे दात सांगितले, पुढचे दोन एकमेकांवर चढलेले. जेवताना घास चावायला लागली की उजव्या गालाला खळी पडे, हसताना नाही, चावताना. कोंबडीला ती "बाई" म्हणे आणि कोंबडी ऐकत नाही म्हणून रुसे. केस कुरळे नव्हते पण मानेपाशी एकच बट वळायची. झोपेत मूठ उघडायची नाही, मुठीत काहीबाही असायचं, शेंगदाणा नाहीतर खडा.

"आन् तुम्ही तळ्यावरून यायचे ना," मी म्हटलं, "जाळं खांद्यावर घेऊन. ती दाराआड उभी राहायची. तुम्ही हासत नाही म्हनून तीबी हासायची नाही. तुमच्यावानी तोंड करायची."

"कसं?"

मी करून दाखवलं. भुवया खाली, ओठ आत, गाल फुगवलेले. "असं. आन् तुम्ही आत गेले का माझ्याकडे पळत यायची आन् म्हनायची, 'माय, मी डोमा हाये. मले ताप पाहू दे.' माझ्या कपाळाले हात लावायची."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या गळ्यातून काहीतरी निघालं. मला आधी ते रडणं वाटलं. ते हसणं होतं. न वापरलेल्या दाराची कडी वाजावी तसं, अडकत अडकत. ते खड्ड्याच्या काठावर बसून हसत होते, पोटाला हात लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग ते पाणी थांबेना. मी त्यांची पाठ धरून ठेवली. पलीकडून इसन भाऊजींना ऐकू गेलं असेल. ते आले नाहीत.

त्या साली आम्ही फार वाईट दिवस काढले. इसन भाऊजींचंही बन मेलं म्हणून सासूनं पावसालाच दोष दिला असावा, कारण ती मला काही म्हणाली नाही आणि मालकांनाही नाही. पुढच्या उन्हाळ्यात मालक मोहफुलं वेचताना मध्येच थांबून म्हणाले, "ती मोहफुलं खायची काय?" मी म्हटलं, "खायची. मंग तोंड वाकडं करायची." त्यानंतर ते असंच कधीही विचारत. जाळं विणताना, बाजारातून येताना. पुढं दोन मुलगे झाले. त्यांना ते मांडीवर घेऊन बसायचे आणि तोंडाकडे टक लावून बघायचे, इतकं की पोरं लाजून पळायची. कोशाचं मात्र ते शेवटपर्यंत "सारे मेले" असंच सांगत. ती रीत होती आणि ती मोडायला त्यांना आवडलं नसतं. पण सांगताना त्यांच्या मिशा हलत.

कितीतरी वर्षांनी कधीतरी असं झालं की ते विचारेनासे झाले आणि सांगू लागले. मुलांना, सुनांना, ओट्यावर बसलेल्या कोणालाही. आमच्या कचरीचे दात असे होते. आमची कचरी कोंबडीला बाई म्हणे. जणू सगळं त्यांनी स्वतःच पाहिलं होतं. काही काही चुकत असे. खळी ते डाव्या गालाला सांगत. मी चुलीपाशी बसून ऐके. पहिल्या वेळी मी तोंड उघडलं होतं, पण त्यांचं तोंड पाहिलं आणि मिटलं. त्यांना ती दिसत होती.

आता ते जाऊनही बरीच वर्षं झाली. दुपारी घर रिकामं असलं की मी डोळे मिटून बसते. पोर येते. घास चावते, माझ्याकडे पाहते, आणि खळी पडते डाव्या गालाला.